जीव द्यावासा वाटतोय, असं कोणी म्हणालं तर

आधी तातडीचं. माणसाने नुकतंच काही घेतलं असेल किंवा स्वतःला इजा केली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा, ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. जे घेतलं त्याची बाटली, पाकीट, उरलेल्या गोळ्या सोबत न्या. उलटी काढायचा खटाटोप करू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. "आता ठीक वाटतंय, नको जायला" असं ऐकायला मिळालं तरी न्यायचंच. बऱ्याच औषधांचा घात उशिरा दिसतो, उपचार मात्र लवकर सुरू झाले तरच नीट लागू पडतात. आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. लाजेपोटी किंवा पोलिसांच्या धास्तीने "चुकून घेतलं गेलं" असं सांगितलं, की उपचार फक्त शरीरावर होतात आणि माणूस त्याच मनःस्थितीत घरी परततो.

हे वाचणारे तुम्ही स्वतःच त्या अवस्थेत असाल, तर आत्ता एका माणसाला फोन लावा आणि "मला एकटं राहायची भीती वाटतेय" एवढं एक वाक्य सांगा. बाकीचं नंतर सुचेल. भारतात टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येतं. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. दुसऱ्या देशात असाल तर तिथला क्रमांक आजच शोधून फोनमध्ये साठवा.

पुढचं सगळं मित्र, भावंडं, सहकारी, शिक्षक अशा साध्या माणसांसाठी आहे, ज्यांना या कामाचं कुठलंही शिक्षण नाही आणि तरी ज्यांच्यासमोर ही वेळ येते.

तुमचं काम कुठे संपतं

नवखा माणूस लगेच समोरच्याचं आयुष्य दुरुस्त करायला घेतो. कर्जाचं काय, लग्नाचं काय, नापास झालास तर पुढे काय, या प्रश्नांची उत्तरं शोधत तो दोन तास बोलतो आणि दोघंही थकतात. ते तुमचं काम नाही. तुमचं काम आहे वेळ काढणं. आजची रात्र, मग उद्याचा दिवस, मग डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे तीन-चार दिवस.

वेळ काढल्याने काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. आत्महत्येच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या एडविन श्नाइडमन यांनी दोन गोष्टी पुन्हापुन्हा मांडल्या. एक, या माणसाला मरणाची ओढ असते त्यापेक्षा मनातली असह्य ठणक थांबवायची निकड जास्त असते. दुसरी, त्या क्षणी विचार इतका अरुंद होतो की ठणक थांबवायचा एकच रस्ता दिसतो. दातदुखीने रात्रभर तळमळणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही, तसंच. पण ही तीव्रता एकसारखी टिकत नाही. ती चढते आणि उतरते. सर्वांत धोक्याचा उंचवटा बहुधा काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. मागे विचार मात्र कित्येक आठवडे रेंगाळत असू शकतात. रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये ऐनवेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा पुढच्या अनेक वर्षांचा मागोवा घेतला, तेव्हा सुमारे ९४ टक्के लोक जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. "आज अडवलं तरी उद्या करणारच" हा समज इथेच खोटा पडतो.

काय दिसतं, काय ऐकू येतं

खुणांची लांबलचक यादी पाठ करण्यात अर्थ नाही. एकच गोष्ट बघा: बदल. मुळात अबोल असलेला माणूस अबोल आहे, यात काही नवं नाही. रोज रात्री ग्रुपवर विनोद टाकणारी मैत्रीण आठवडाभर गप्प आहे, हे नवं आहे.

बोलण्यात येतं ते असं: "माझ्यामुळे सगळ्यांचीच फरफट होतेय." "मी नसलो तर तुमचं बरं चालेल." "आता फार दिवस त्रास नाही देणार." आपण ओझं झालोय ही भावना फार धोक्याची, दुःखाच्या शब्दांपेक्षा या शब्दांकडे जास्त कान द्या. वागण्यात दिसतं ते असं: जपून ठेवलेल्या वस्तू देऊन टाकणं, बँकेची कागदपत्रं आणि पासवर्ड कुणाला समजावून सांगणं, कारण नसताना माफी मागणं, निरोप घेतल्यासारखे संदेश, पाळीव प्राण्याची सोय लावणं. झोप उडणं ही खूण लोक हमखास सोडून देतात. सलग काही रात्री न झोपलेला, अस्वस्थपणे येरझारा घालणारा माणूस शांत-उदास माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. दारू वाढली असेल तर आणखीच, कारण दारू ठणकही वाढवते आणि हात आवरणारा लगामही सैल करते.

एक खूण घरच्यांना फसवते. महिनोन्‌महिने खचलेला माणूस एका दिवसात शांत, हलका, जवळजवळ प्रसन्न होतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. कारण कळत नसेल, औषध बदललेलं नसेल, परिस्थिती तीच असेल, तर त्याच दिवशी विचारा. निर्णय झाल्यामुळेही असा निवांतपणा येतो.

पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल तर धोका कायम वरचा धरा. "जो बोलतो तो करत नाही" ही म्हण होऊन बसलेली समजूत तर डोक्यातून काढूनच टाका. आत्महत्येने गेलेल्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी, कुठल्या ना कुठल्या शब्दांत, सांगितलेलं असतं.

विचारायचं कसं

इथे सगळे अडखळतात, आणि अडखळतात ते शब्दाशी. आपल्या भाषेत या गोष्टीवर पांघरूण घालणारे शब्द भरपूर आहेत. "काही वेडंवाकडं तर नाही ना करणार?" "जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नकोस हं." पहिलं वाक्य नीट ऐका. त्यात "नाही ना" आधीच बसलेलं आहे. समोरच्याने फक्त "नाही" म्हणायचं बाकी ठेवलंय. विचारणाऱ्याला "नाही" ऐकायचंय, हे त्याला कळतं आणि तो तेच देतो. "वेडंवाकडं" या शब्दाने वर हेही सांगितलं जातं की तुझ्या मनात जे आहे ते वेडेपणाचं आहे. दुसरं वाक्य तर प्रश्नच नाही, ताकीद आहे.

सरळ विचारा. "तू गेले काही दिवस जेवत नाहीयेस, आणि परवा म्हणालास की आता सगळं संपलं. असं होतं तेव्हा काहींच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुझ्या मनात येतो का?" आधी तुम्ही पाहिलेल्या एक-दोन ठोस गोष्टी, मग "काहींच्या मनात येतो" हे दार उघडणारं वाक्य, मग थेट प्रश्न. वडीलधाऱ्यांना विचारताना फक्त "तुम्ही" येईल: "काका, तुम्हाला आत्महत्येचा विचार येतोय का?" शब्द मऊ करू नका.

विचारल्याने डोक्यात नसलेला विचार पेरला जात नाही. यावर बरेच अभ्यास झालेत आणि विचारण्याने धोका वाढतो असं त्यांतून दिसत नाही. उलट कित्येकांना हायसं वाटतं. इतके दिवस एकट्याने वाहिलेल्या गोष्टीचं नाव दुसऱ्याने उच्चारलेलं असतं.

जागा आणि वेळ निवडा. तुमच्याकडे किमान तासभर मोकळा हवा, फोन गप्प हवा, घरातल्यांचे कान जवळ नकोत. समोरासमोर खुर्च्या मांडून बसण्यापेक्षा बाजूबाजूने चालताना किंवा गाडीत बसलेलं असताना लोक सोपेपणाने बोलतात, नजर द्यावी लागत नाही म्हणून. प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. पाच सेकंद फार लांब वाटतात, पंधरा तर असह्य. तरीही मध्ये बोलू नका. घाबरून "म्हणजे तसं नसेलच म्हणा" हे वाक्य तोंडातून निसटतं आणि उघडत आलेलं दार तुम्हीच लावून घेता.

"नाही" आलं आणि तुमचं मन मानत नसेल, तर "बरं. पण कधी आला तर मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल" असं म्हणून सोडा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं उत्तर मिळणं अगदी नेहमीचं आहे.

"हो" आल्यावर

पहिलं वाक्य ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी सुचत नाही. "सांगितलंस ते बरं केलंस. मी इथेच आहे, घाई नाही." बस. मग ऐका, वीस मिनिटं, अर्धा तास. मध्ये प्रश्न घालायचे तर उघडे घाला: "कधीपासून वाटतंय असं?" "सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" त्याने वापरलेला शब्दच परत द्या. तो "कोंडल्यासारखं" म्हणाला तर "कोंडल्यासारखं म्हणजे कसं?" असं विचारा, "म्हणजे डिप्रेशन आलंय तुला" असं नाव ठेवू नका.

बिघडतं कुठे ते एका नमुन्यावरून बघा. ती म्हणते, "मला आता जगून काय करायचंय." घाईचं उत्तर: "अगं, तुझ्या मुलांचा विचार कर ना." हेतू चांगला, परिणाम उलटा. मुलांना आपण त्रासच देतोय हे तिच्या मनात आधीच आहे. तुम्ही त्यावर अपराधाचं आणखी एक वजन ठेवलंत, ती गप्प होते. तेच असं बोलून बघा: "जगून काय करायचं असं वाटण्याइतकं काय झालंय, मला सांग." ती बोलेल, रडेल, आणि बोलता बोलता बहुधा तीच म्हणेल, "फक्त पोरांकडे बघून थांबलेय." हे कारण तिचं आहे, तिच्या तोंडून आलंय, आणि ते पकडून ठेवायचं. "पोरांकडे बघून थांबलीस म्हणालीस. त्यांच्याबद्दल सांग." मरायचं आणि जगायचं, दोन्ही बाजू तिच्यात एकाच वेळी असतात. जगण्याची बाजू तुम्ही मांडायला लागलात की तिच्या वाट्याला फक्त दुसरी बाजू उरते आणि ती तीच लढवते.

"इतरांना बघ, त्यांचं किती वाईट आहे", "हा पळपुटेपणा आहे", "देवाने दिलेलं आयुष्य", "मन खंबीर कर" ही वाक्यं एकाच कामाची आहेत: ऐकणाऱ्याची अस्वस्थता कमी करायची. ती वाक्यं गिळा.

आणि गुप्ततेचं वचन देऊ नका. "कुणाला सांगणार नाहीस ना?" याचं उत्तर: "गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर एखाद्याला सांगावंच लागेल, आणि कुणाला ते आपण दोघं मिळून ठरवू." आत्ता राग आला तरी चालेल.

धोका किती जवळ आहे

आता थोडे नेमके प्रश्न, सौम्य पण न चुकवता, साधारण याच क्रमाने:

"झोपलो ते उठूच नये, असं वाटतं का?"
"स्वतः जीव द्यायचा विचार येतो का?"
"कसा, हे मनात आलंय का?"
"कधी, कुठे, असं काही ठरवलंय का?"
"त्यासाठी काही आणून ठेवलंय, काही लिहून ठेवलंय?"
"याआधी कधी प्रयत्न केला होतास?"

पहिल्या दोन प्रश्नांनाच "हो" असेल तर या आठवड्यात डॉक्टर किंवा समुपदेशक गाठायचा आणि रोज संपर्क ठेवायचा. तिसऱ्यालाही "हो" आलं तर साधनं दूर करणं आजच, भेट उद्या-परवाकडे. चौथ्या-पाचव्याला "हो" म्हणजे एकटं सोडायचं नाही, आजच रुग्णालय. पूर्वीचा प्रयत्न असेल तर प्रत्येक पायरी एकाने वर सरकवा. ही मोजपट्टी तुमच्या निर्णयाला आधार म्हणून आहे. भविष्य सांगणं डॉक्टरांनाही जमत नाही, तेव्हा शंका आली की वरची पायरी धरायची. वाट उगाच वाकडी केली असं नंतर ठरलं, तर काय बिघडलं?

"कसा" या प्रश्नाचं उत्तर फक्त एवढ्यासाठी हवं असतं, की काय दूर ठेवायचं ते कळावं. त्या पद्धतीवर चर्चा करू नका. "त्याने काही होत नाही" किंवा "फार वेदना होतात" असलं काहीही बोलू नका.

साधन आणि माणूस यांच्यात अंतर

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि घरचे हीच टाळतात, कारण त्यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. उंचवटा बहुधा काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो हे आठवा. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसेल तर लाट ओसरायला वेळ मिळतो. बहुतेक माणसं एक साधन नाही म्हणून लगेच दुसऱ्याकडे वळत नाहीत, कारण अरुंद झालेल्या विचारात पर्यायही अरुंद झालेले असतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यानंतर तिथलं आत्महत्येचं प्रमाण अनेक वर्षांत खूप खाली आलं. लोकांची दुःखं काही तेवढ्याने संपली नव्हती.

शक्यतो त्या व्यक्तीला सांगून, तिच्यासोबत करा: "पुढचे काही आठवडे हे माझ्याकडे राहू दे. बरं वाटलं की परत." चोरून काढून घेतलेलं कळलं की विश्वास जातो; पण धोका अगदी समोर असेल तर परवानगीसाठी अडून बसू नका.

औषधं: घरातली सगळी एका टेबलावर आणा, सासूबाईंची आणि पाहुण्यांची विसरलेलीसुद्धा. मुदत संपलेली आणि जुन्या आजारांची उरलेली औषधं दुकानदाराला विचारून नष्ट करायला द्या. रोजची लागणारी जास्तीत जास्त आठवड्याची बाहेर, उरलेली दुसऱ्या घरी. डॉक्टरांनाही एका वेळी थोडीच लिहून द्यायला सांगा. असं सांगितलं तर त्यांना राग येत नाही. शेतीची आणि घरातली विषारी रसायनं, शस्त्रं आणि ज्या गोष्टीचं नाव त्या व्यक्तीने स्वतः घेतलं ती, हे सगळं त्या घरातून बाहेर. दारूही.

चुकतं ते असं. कपाटाला कुलूप लावतात आणि किल्ली नेहमीच्या खुंटीवर. माळ्यावर "लपवतात", पण घर त्याचंच, त्याला प्रत्येक कोपरा ठाऊक. एका भावाने काढून घेतलं असं दुसऱ्याला वाटतं आणि दुसऱ्याने काढलं असं पहिल्याला. म्हणून एकाच माणसाने जबाबदारी घ्यायची आणि त्याच संध्याकाळी एकदा घरभर फिरून बघायचं. आणि "काही करणार नाही असं वचन दिलंय त्याने" यावर विसंबून हे काम सोडू नका. वचनाच्या करारांचा उपयोग होतो असा पुरावा नाही. दिलेलं वचन मोडलं जाईल या लाजेने माणूस पुढच्या वेळी फोनच करत नाही, एवढं मात्र होतं.

एका पानाचा बेत

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी सुरक्षेची एक साधी योजना तयार केली आणि ती आता जगभर वापरतात. सहा कप्पे, एक पान, अर्धा-पाऊण तास. ती डॉक्टर किंवा समुपदेशकासोबत करणं उत्तम, पण भेट दूर असेल तर तोवर कच्ची का होईना, दोघं बसून लिहा. लाट उतरलेली असताना लिहायची. चढलेली असताना कुणालाच काही आठवत नाही, म्हणूनच तर ती लिहून ठेवायची. लेखणी त्याच्या हातात द्या.

पहिल्या कप्प्यात सुरुवातीच्या खुणा. "वाईट वाटतं" चालणार नाही. "रात्री अकरानंतर जुने फोटो बघत बसतो, छातीत जड होतं" असं हवं. दुसऱ्यात एकट्याने करता येण्यासारख्या गोष्टी: गार पाण्याने तोंड धुणं, जिना चार वेळा चढून उतरणं, ठरावीक गाणी. इथे लोक आदर्श गोष्टी लिहितात, रोज एक तास ध्यान वगैरे, आणि त्या रात्री त्यातलं काहीच होत नाही. प्रत्येक ओळीला विचारा: "रात्री एक वाजता हे खरंच करशील? काय आडवं येईल?" उत्तर डळमळलं की ओळ खोडा. तिसऱ्यात अशी माणसं आणि जागा, जिथे विषय काढावा लागत नाही, नुसतं मन दुसरीकडे जातं. चौथ्यात ज्यांना "आज फार वाईट आहे" असं म्हणता येईल अशी दोन-तीन नावं, फोन क्रमांकासह, आणि त्या माणसांना आधी विचारून. पाचव्यात डॉक्टर, रुग्णालय, मदतक्रमांक. सहाव्यात घर सुरक्षित करण्यासाठी काय केलं आणि अजून काय राहिलंय.

शेवटी फोटो काढून फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा. कागद वहीत राहतो आणि वही सापडत नाही.

डॉक्टरांकडे

"तू डॉक्टरकडे जा" हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे. ज्याला आंघोळ करणं जड जातंय तो क्रमांक शोधून वेळ घेणार नाही. वेळ तुम्ही घ्या, वाहनाचं तुम्ही बघा, दारापर्यंत सोबत जा, तो हो म्हणाला तर आतही. वेळ घेताना फोनवर "आत्महत्येचे विचार आहेत" हे स्पष्ट सांगा. नुसतं "टेन्शन आहे" म्हटलं तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढताच नकार येत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे झोपेची तक्रार घेऊन जायला माणूस सहसा तयार होतो. तिथून पुढचं दार उघडतं.

औषधांबद्दल दोन गोष्टी घरातल्यांना माहीत हव्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि पोटाचे, झोपेचे त्रास मात्र पहिल्या आठवड्यात येतात. "काही उपयोग नाही" म्हणून सोडण्याची वेळ नेमकी हीच. शिवाय पंचविशीच्या आतल्यांमध्ये औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि असे विचार वाढू शकतात. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

माणूस दूर असेल तर

रात्री संदेश येतो. लिहून उत्तर देत बसू नका, फोन लावा. आवाजातून कितीतरी कळतं. पहिले प्रश्न: "कुठे आहेस? घरात अजून कोण आहे? काही घेतलंयस का?" पत्ता लगेच कागदावर उतरवा. हा फोन सुरू ठेवून दुसऱ्या फोनवरून किंवा शेजारच्या माणसाकडून जवळच्या कुणाला तिथे पाठवा. साधन हातात असेल तर बोलता बोलता दुसऱ्या खोलीत यायला सांगा, दार उघडायला सांगा, दिवा लावायला सांगा. छोट्या, करता येण्याजोग्या हालचाली. फोन कापला गेला आणि परत उचलला जात नसेल तर आपत्कालीन क्रमांकाला कळवा, त्या व्यक्तीला आवडेल की नाही याचा विचार नको.

तुम्ही एकटे पुरणार नाही

एकट्याने हे ओढणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत कोलमडतो, आणि मग समोरच्याला वाटतं, पाहिलंत, मी ओझंच आहे. निदान तिघं जण हवेत, आणि रात्री वाटून घ्यायच्या. सोमवार-मंगळवार एकाचे, पुढचे दुसऱ्याचे, कागदावर लिहून.

"तू मला सोडलंस तर मी जीव देईन" या वाक्याला वेगळं उत्तर लागतं. ते खोटं समजून दुर्लक्ष करू नका, आणि त्यासाठी नात्यात अडकूनही राहू नका. "तू म्हणतोस ते मी गंभीरपणे घेतेय, म्हणून तुझ्या भावाला आत्ता फोन करतेय." फोन करा, माणूस पोचेपर्यंत संपर्कात राहा, मग बाजूला व्हा.

नंतरचे आठवडे

मनोरुग्णालयातून घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि एकूणच पहिले तीन महिने फार नाजूक. नेमकं तेव्हाच भेटायला येणारे थांबतात, कारण "आता सुटला ना". पुढच्या भेटीची तारीख घरी यायच्या आधीच ठरवून घ्या, सात दिवसांच्या आतली.

या काळात नुसत्या निरोपाने किती फरक पडतो, याचा एक जुना प्रयोग आहे. मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ जण घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रं पाठवली, दुसऱ्याला काहीच नाही. पत्रांत उपदेश नव्हता, काही मागणं नव्हतं. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या.

तसा निरोप तुम्ही फोनवरून पाठवू शकता. "आज जुना फोटो दिसला, तुझी आठवण आली. उत्तर नाही दिलंस तरी चालेल." शेवटचं वाक्य विसरू नका, ते नसेल तर निरोपाचं कर्ज होतं. पहिला महिना आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला, मग महिन्याला. वाढदिवस, नातं तुटल्याची किंवा जवळचं कुणी गेल्याची तारीख, निकालाचे दिवस आणि मागच्या प्रयत्नाची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी प्रत्यक्ष भेटा. मधल्या काळात उत्तर येत नसलं तरी निरोप ठरल्या दिवशी जाऊ द्या, आणि सलग दोन निरोपांवर साधी निळी खूणही आली नाही, तर तिसरा न लिहिता दार वाजवा.